बाबांनी ‘चालते’ म्हटलेली गाडी

मी मराठी वाचायला शिकले ती पत्रकांवर. आमच्या वॉटफर्डच्या घरात गोष्टींची पुस्तकं फार नव्हती, पण आईबाबांच्या खोलीत कपाटावर एक तपकिरी सुटकेस होती आणि तिच्यात आजोबांनी नागपुरात लिहिलेली, छापून घेतलेली, चौकाचौकात वाटलेली पत्रकं होती. गुलाबी आणि पिवळा पातळ कागद, घडीवर विरलेला. शनिवारी दुपारी बाबा त्यातलं एक काढायचे, माझ्यासमोर ठेवायचे आणि ओळीवर बोट फिरवत माझ्याकडून वाचून घ्यायचे. ‘जाहीर आवाहन.’ ‘बंधूंनो आणि भगिनींनो.’ ‘मिळालंच पाहिजे.’ त्यामुळे ‘कदाचित’ हा शब्द माझ्या मराठीत फार उशिरा आला. पत्रकाला ‘कदाचित’ परवडत नाही.

हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे मी जी चूक केली ती याच मराठीतून झाली.

बाबा मोटार मेकॅनिक. नागपुरात आयटीआय केलं, इथे येऊन आधी एका पत्र्याच्या शेडमध्ये टायर बदलले, आणि माझ्या जन्माच्या सुमाराला एका कार कंपनीच्या डीलरकडे वर्कशॉपमध्ये लागले. पुढची वीस वर्षं तिथेच. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. वकिलांची भीती हे एक कारण. दुसरं असं की त्या नावाची जाहिरात आजवर पुष्कळांनी केली आहे, आणि एकदा मीही केली आहे.

या कंपनीचा इतिहास मला बाबांनी सांगितला नाही. तो सांगितला आमच्या शेजारच्या इंग्रज आजोबांनी, कुंपणावर हात टेकून, हप्त्याहप्त्याने. ती मिडलंड्स या कारखान्यांच्या भागातली कंपनी. आधी पाण्याचे पंप बनवायची, मग मोटारी. आजोबांच्या वडिलांनी गल्लीतली पहिली गाडी घेतली ती याच कंपनीची. रविवारी ती धुऊन दारासमोर उभी करायची, आणि लोक चर्चला जाताना तिच्याकडे बघत जायचे. कुठे न्यायची गरजच नसायची. नंतर मालक बदलले, कारखान्यात संप झाले, पत्रे पातळ झाले, आणि तीच गाडी विनोदाचा विषय झाली. आजोबांच्या तरुणपणी त्यांच्याकडेही ती होती. “माझी बायको दर ख्रिसमसला बंद गाडी ओढून नेणाऱ्या ट्रकवाल्याला कार्ड पाठवायची,” ते म्हणायचे. “वर्षभरात आमच्याकडे त्याच्याइतकं कुणी येतच नसे.” हा विनोद त्यांनी मला निदान दहा वेळा सांगितला आणि दहाही वेळा शेवटी ते गप्प झाले. त्या विनोदाच्या पलीकडे बंद पडलेला कारखाना होता आणि त्यांचे दोन भाऊ तिथे कामाला होते.

मग परदेशी मालक आले. नवा कारखाना, नवं चिन्ह, लांबलचक वॉरंटी. मासिकांतून छापून येऊ लागलं की हसणाऱ्यांनी आता हसू आवरावं. मिनीकॅबवाले ती घेऊ लागले, आणि मिनीकॅबवाले गाडी घेतात म्हणजे ती टिकते असं सगळे धरून चालतात. बाबांच्या वर्कशॉपमध्ये गाड्या वर उचलणाऱ्या लिफ्ट दोनाच्या सहा झाल्या. वाईट वर्षांत आठवड्यातले तीन दिवस घरी बसून काढलेला हा माणूस आता शनिवारीही कामाला जायचा आणि कंपनीचं चिन्ह असलेलं जॅकेट घालून घरी यायचा. ते जॅकेट त्यांना आवडायचं. मला ते अजिबात आवडत नसे. मजुराने मालकाचं चिन्ह छातीवर का मिरवावं, असं मी सोळाव्या वर्षी त्यांना विचारलंही होतं. “ऊब आहे त्यात,” ते म्हणाले.

आमच्या समाजात बाबांना एक जागा होती. महिन्यातून एका रविवारी आम्ही कम्युनिटी हॉल भाड्याने घेऊन वंदना करतो. नंतर जेवण, मुलांचा वर्ग, जयंतीची तयारी. त्या हॉलमध्ये डॉक्टर आहेत, अकाउंटंट आहेत, सॉफ्टवेअरवाले तर रगड. बाबा बोलायला उभे राहणारे नव्हेत. पण जेवण झालं की लोक त्यांना हळूच बाजूला घेत. “काका, जरा गाडी बघता का?” कार पार्कमध्ये बॉनेट उघडं, भोवती चार जण, आणि मध्ये सदऱ्याच्या बाह्या दुमडलेले बाबा. मेडनहेडहून पुण्याची काही मंडळीही यायला लागली, आमच्या हॉलला नव्हे, सरळ घरी, गाडी घेऊन. त्यांच्यातला एक जण बाबांना सर म्हणायचा. नागपुरात ज्या बाबांना पहिल्या मिनिटात आडनाव विचारलं जायचं, त्यांना इथे कुठली गाडी घेऊ असं विचारत होते. मला यात काही विशेष वाटत नव्हतं. मी इथे जन्मले. त्यांना काय वाटत होतं हे मी कधी विचारलं नाही, पण कुणी गाडी दाखवून गेलं की ते दिवसभर बरे असत.

त्यांचे एक मित्र होते. एजवेअरला राहायचे, नागपूरला दोघांची एकच वस्ती, एकच शाळा. मी त्यांना काका म्हणते. काका कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, कॉन्ट्रॅक्टवर गाडी चालवायचे: ज्या मुलांना इतरांसारखं शाळेत जाता येत नाही त्यांना घरून न्यायचं, शाळेत सोडायचं, परत आणायचं. त्यांच्या रूटवर दोन मुलं होती. त्यातला एक मुलगा बोलत नसे; काकांच्या खांद्याला हात लावून बसायचा. माझ्याबद्दल बोलत नाहीत एवढं त्या मुलाबद्दल बोलतात, असं काकूच म्हणायच्या.

काकांची जुनी गाडी थकली होती आणि त्यांच्या मनात बाबांच्या कंपनीची नवी गाडी भरली होती. एका शनिवारी ते आमच्या ड्राइव्हवेवर आले. बाबा दुसऱ्याच कुणाच्या गाडीत डोकं घालून उभे होते. मी चहा घेऊन बाहेर आले होते, म्हणून हे सगळं मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

“काऊन बे मिस्त्री, घेऊ का मग ही?”

“चालते,” बाबा वर न बघता म्हणाले.

“चालते म्हणजे?”

“चालते म्हणजे चालते. तुले घ्याचीच आहे ना? मंग कायले विचारून रायला?”

“बायकोले सांगाले. मिस्त्रीनं पास केली म्हणून.”

“तुही बायको माह्याहून हुशार आहे. तिलेच विचार.”

दोघं हसले. काकांनी चहा घेतला आणि बाबांच्या कपातही थोडा ओतला.

नागपूरकडचा माणूस ‘चालते’ म्हणतो, पुण्याचा ‘चालेल’ म्हणतो तिथे. चहात साखर कमी पडली, चालते. ट्रेनमध्ये जागा मिळाली नाही, चालते. म्हणजे फार चांगलं नाही, तक्रार करण्याएवढं वाईट नाही, तुझं तू बघ. हा अर्थ मला माहीत नव्हता असं म्हणाले तर ते खोटं होईल. घरात मी तो हजार वेळा ऐकला होता. पण मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि हॉलचं चार पानी पत्रक काढायचं काम माझ्याकडे आलं होतं.

जयंतीच्या अंकात ‘आपल्या माणसांकडून’ असं एक सदर मी सुरू केलं. एका नर्स मावशीने रक्तदाबाबद्दल सांगितलं, एका वकील दादाने व्हिसाबद्दल, आणि तिसरा भाग मी बाबांच्या नावाने लिहिला. मथळा होता ‘हसणाऱ्यांनो, आता पाहा’. खाली असं: ‘या कंपनीला वर्षानुवर्षं हसलं गेलं. आज तीच ताठ मानेनं उभी आहे. वीस वर्षं तिच्या गाड्या खोलून जोडणारा आपला माणूस ठामपणे सांगतो: ही गाडी चालते, आणि चालणारच. बांधवांनी निर्धास्त घ्यावी.’ त्याखाली बाबांचं पूर्ण नाव. इंग्रजी मजकुरात मी त्यांची ‘ठाम शिफारस’ आहे असं भाषांतर केलं.

आज ते वाचताना मला लाज वाटते ती त्या भाषेची नाही. लाज याची की मी एका कंपनीला आपल्या बाजूची करून टाकलं. हिणवली गेलेली, लाथाडली गेलेली, पुन्हा उभी राहिलेली, अशी गोष्ट दिसली की माझी लेखणी आपोआप धावायची. ती गोष्ट कुणाची आहे, तिच्यामागे कुणाचा नफा आहे, हे मी पाहिलं नाही. भांडवलाला अपमान होत नसतो. त्याचा फक्त खप कमी होतो.

बाबांनी अंक हातात घेतला, पहिलं पान पाहिलं, “छान छापला,” म्हणाले, आणि घरी येऊन सुटकेसमध्ये आजोबांच्या पत्रकांवर ठेवला. प्रत्येक अंकाची एक कोरी प्रत ते तशी ठेवत. आतलं पान त्यांनी उघडलं नव्हतं. हे मला दोन वर्षांनी कळलं.

काकांनी गाडी घेतली. हॉलमधल्या आणखी पाच-सहा घरांनी घेतली. कार पार्कमध्ये एका रांगेत तीच गाडी वेगवेगळ्या रंगांत उभी राहायची, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा, जणू मी मोर्चाच काढला होता.

दोष होता एका छोट्या जोडात. इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटची नळी इंजिनात जिथे शिरते तिथे एक प्लास्टिकचा जोड होता. इंजिनाच्या उष्णतेने तो ठिसूळ व्हायचा, त्याला केसाएवढी चीर जायची. कूलंट गळायचं, पण गरम इंजिनावर पडून तिथेच वाळायचं, म्हणून खाली डाग दिसत नसे. फक्त गोडसर वास यायचा. बाबांना तो वास पहिल्यांदा आला तो काकांच्या ‘घेऊ का’च्या आधी की नंतर, हे मी त्यांना पुढे विचारलं. ते म्हणाले, “आधी. दोन गाड्यांना आला होता. दोन गाड्यांवरून मी कसं बोलू?”

बाबा असेच आहेत. दोनावरून बोलणार नाहीत. मी अर्ध्यावरून बोलते.

वर्कशॉपमध्ये प्रत्येक गाडीच्या जॉब कार्डवर तीन रकाने असतात: तक्रार, कारण, उपाय. सुरुवातीला बाबांनी कारणाच्या रकान्यात सरळ लिहिलं, जोड ठिसूळ. ती कार्डं वॉरंटी डेस्ककडून परत आली. कंपनीच्या यादीत तसं कारणच नव्हतं, आणि यादीत नसलेलं कारण लिहिलं की कॉम्प्युटर काम पूर्ण झाल्याची नोंद करू देत नसे. सर्व्हिस मॅनेजरने त्यांना बोलावून नीट समजावलं, चहासुद्धा दिला. त्यानंतर बाबा तिथे लिहू लागले: दोष आढळला नाही. आणि उपायाच्या रकान्यात: कूलंट टॉप-अप केलं. खाली त्यांची दोन अक्षरी सही.

काकांच्या गाडीत इशाऱ्याचा दिवा लागला तेव्हा ती बाबांच्याच लिफ्टवर आली. त्यांनी प्रेशर टेस्ट केली. त्या दिवशी जोडाने दाब धरला, गळती दिसली नाही. वास होता. त्यांनी कूलंट भरलं, कार्ड लिहिलं, आणि काकांना किल्ली देताना म्हणाले, “महिन्यानं घेऊन ये, पाहू.” महिन्यानंतर शाळेची टर्म जोरात होती. काका आले नाहीत. बाबांनीही आठवण करून दिली नाही.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी ए-फोर्टी-वन हायवेवर गाडीतून वाफ निघाली आणि ती बंद पडली. गाडीत दोन्ही मुलं होती. काकांनी त्यांना उतरवलं, क्रॅश बॅरियरच्या पलीकडे गवतावर बसवलं, स्वतःचं जॅकेट एकाच्या अंगावर, पिवळी वेस्ट दुसऱ्याच्या. कौन्सिलची दुसरी गाडी यायला तासाच्या वर वेळ गेला. कुणालाही खरचटलंसुद्धा नाही. पण जो मुलगा बोलत नसे तो ट्रकांच्या आवाजाने इतका भेदरला की पुढे कित्येक दिवस कुठल्याच गाडीत बसेना. त्याच्या आईने लेखी तक्रार केली. कौन्सिलने चौकशी केली, गाडीची सर्व्हिस हिस्ट्री मागवली, तिच्यात गाडीचा दोष कुठेच नव्हता, आणि काकांचा रूट काढून घेतला. त्या आईला मी दोष देत नाही. तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

त्यानंतरच्या वंदनेच्या रविवारी हॉलमध्ये जेवण चालू असताना काका आले. हातात माझं ते पत्रक होतं, आतलं पान वर करून दुमडलेलं. बाबा वरण वाढत होते. काकांनी पत्रक त्यांच्या समोर टेबलावर ठेवलं.

“वाच,” काका म्हणाले.

बाबांनी पळी भांड्यात ठेवली, हात पुसले, चष्मा लावला आणि वाचलं. आधी मराठी, मग इंग्रजी. मी तीन खुर्च्या पलीकडे होते. त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग काकांकडे वळले.

“हो,” ते म्हणाले.

“बस? एवढंच?”

“माह्यं नाव आहे त्याच्यावर.”

टेबलावरचे बाकीचे लोक जेवणात लक्ष असल्यासारखे वागत होते, पण त्यांच्यातल्या चौघांच्या दारात तीच गाडी होती. एक काकू कुणालाही उद्देशून नाही अशा बेताने म्हणाल्या, “कंपनी देत असेल ना काहीतरी, एवढी तारीफ करायची म्हणजे.” काकांनी त्यांच्याकडे रागाने पाहिलं. न जेवता गेले.

मी उठले नाही. ज्या मुलीने सगळ्या जगाकडे खुलासा मागायचं ठरवलं होतं तिला एक वाक्य बोलायचं होतं: हे मी लिहिलं, बाबांनी नाही. ते तिला बोलता आलं नाही. मी भात कालवत बसले.

घरी जाताना गाडीत बाबा म्हणाले, “मी असं बोललो होतो?”

“तुम्ही चालते म्हणालात.”

“चालते म्हणालो. घ्या नाही म्हणालो.” मग सिग्नलला गाडी थांबवून, “तुझ्या आजोबांचं पत्रक कुणी तपासायचं माहीत आहे? आजी. तिला वाचता येत नव्हतं. ते मोठ्याने वाचायचे आणि ती म्हणायची, हे तू पाहिलं आहे का? नसेल तर खोड.”

मला ही गोष्ट त्यांनी आधी का सांगितली नव्हती, याचा मला राग आला. आपली चूक झाली की मला आधी राग येतो.

तो राग मी कंपनीवर काढला, आणि तिथे तो योग्यच होता. मी रात्रंदिवस फोरम वाचले, लोकांचे अनुभव जमवले, जोडाचे फोटो मिळवले, आणि नवं पत्रक लिहिलं. त्यात तीन रकान्यांची सगळी हकीकत होती. फक्त एका साक्षीदाराची सही हवी होती. मी तो कागद बाबांसमोर ठेवला. त्यांनी शेवटपर्यंत वाचला.

“खरं आहे,” ते म्हणाले.

“मग सही करा.”

“यात मी कुठे आहे?”

“तुम्ही साक्षीदार आहात.”

“मी साक्षीदार नाही,” बाबा म्हणाले. “ती कार्डं मी लिहिली. यात लिहिलंय, कंपनीने लिहायला लावलं. हात कुणी धरला नव्हता माझा. चहा दिला होता.”

मी त्यांना भित्रे म्हणाले. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि मला म्हणाली, “तोंड सांभाळ.” बाबा तिला म्हणाले, “बोलू दे तिला.” पुढच्या महिन्यात त्यांनी डीलरकडचं काम सोडलं. जॅकेट परत द्यावं लागत नाही, तरी देऊन आले. आता ते एका छोट्या गॅरेजात एमओटी, म्हणजे गाड्यांची सक्तीची वार्षिक तपासणी, करतात. तिथे गाडी पास असते किंवा फेल. त्यांना ते काम आवडतं का हे मला माहीत नाही. आमच्या ड्राइव्हवेवर मात्र आता कुणी येत नाही. मेडनहेडचा सर म्हणणारा सुद्धा नाही. हॉलमध्ये बाबा अजून वरण वाढतात. लोक नीट बोलतात, तब्येत विचारतात. गाडीबद्दल विचारत नाहीत.

सही नसलेलं माझं पत्रक मी तसंच इंटरनेटवर टाकलं. थोडं फिरलं. माझ्यामुळे काही झालं असं मी म्हणणार नाही. माझ्यासारखे पुष्कळ होते. पुढे कंपनीने पत्रं पाठवली, जोड फुकट बदलून दिले, दिलगिरी व्यक्त केली. एक-दोन वर्षं गाडीला पुन्हा लोक हसले. मग कंपनीने चिन्ह बदललं, इलेक्ट्रिक गाडी आणली, आणि आता मासिकांतून पुन्हा तीच भाषा चालू आहे. शेजारचे आजोबा यावर काय म्हणाले असते कोण जाणे. ते आता नाहीत. मी मोजते तेव्हा असं दिसतं की या देशाने त्या कंपनीला दोनदा माफ केलं. चिन्ह पुसून नवं लावायची सोय तिला आहे. माणसाला एकच नाव असतं, आणि बाबांचं मी चार ओळींत खर्चून टाकलं.

गेल्या मे महिन्यातल्या बँक हॉलिडेच्या सुट्टीला मी एजवेअरला गेले. सव्वीस वर्षांची झाले होते आणि ते एक वाक्य अजून बोलले नव्हते. काका घरीच होते. काकूंनी पोहे केले. काका आता दुकानांना माल पोचवणारी व्हॅन चालवतात. मी पोह्यांना हात न लावता म्हणाले, “काका, ते पत्रक मी लिहिलं होतं. बाबा तसं बोलले नव्हते.”

काका हसले. “मले माहीत होतं.”

“तेव्हापासून?”

“मग? चाळीस वर्षं ओळखतो मी त्याले. ‘ठामपणे सांगतो’ म्हने. तुहा बाप कधी ठामपणे बोलला का कोणाशी? मी ते टेबलावर ठेवलं, म्हटलं, आता तरी बोलन. म्हणन, माह्या पोरीनं लिवलं, चुकली ती. मी हसलो असतो. पोरगी आहे, चुकते. तुह्यासाठी चूप बसला तो. त्याचा राग नाही मले.”

“मग कशाचा आहे?”

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. काका खिडकीशी जाऊन उभे राहिले.

“त्या दिवशी गाडी त्याच्या हातात होती, पोरी. वास आला होता त्याले. किल्ली देताना त्यानं मले एवढंच सांगाले पाहिजे होतं: पोरं नको नेऊ हिच्यातनी. कार्डावर काही लिव, कंपनीचं कार्ड आहे, नोकरी आहे, मले समजते. पण मले तोंडानं सांगाचं. माह्याशी बोलाले कोणता रकाना लागत होता त्याले?”

इतकी वर्षं मी सांभाळलेला गुन्हा त्यांनी पोह्याच्या ताटलीसारखा बाजूला सारला होता. मला वाटायचं, मी कबूल केलं की सगळं सुटेल. बाबांचं नाव धुऊन निघेल, मित्र परत मिळेल. म्हणजे पुन्हा एकदा सगळी गोष्ट मी माझ्याच लेखणीभोवती रचली होती.

निघताना काका दारापर्यंत आले. दारात नवी गाडी होती, राखाडी, इलेक्ट्रिक. पुढच्या बाजूला कंपनीचं नवं चिन्ह. तीच कंपनी.

“हीच घेतली?” मी विचारलं.

“मस्त रिव्ह्यू आहे,” काका म्हणाले. “ॲपवर सगळं पाहूनच घेतली. आता कोणाले विचारा लागत नाही.”

मी वॉटफर्डला पोचले तेव्हा बाबा बागेत खुर्चीत बसले होते. मी एजवेअरला जाऊन आले हे त्यांना आईने सांगितलं होतं. ते काही विचारणार नाहीत हे मला ठाऊक होतं, म्हणून मीच सांगायला लागले. पत्रकाचं सांगितलं. वासाचं, किल्लीचं, काका जे खिडकीशी बोलले ते सगळं, जसंच्या तसं, काही न वाढवता. बाबांनी ऐकलं. एकदा चष्मा काढला आणि परत लावला.

“बरोबर आहे त्याचं,” ते म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, “आता कुठली गाडी आहे त्याच्याकडे?”

मी सांगितलं. बाबा खुर्चीत पुढे झाले. कुठलं मॉडेल, किती जुनं, रंग कोणता, असं त्यांनी भराभर विचारलं. मला जेवढं आठवत होतं तेवढं मी सांगितलं.

“त्याला सांग,” ते म्हणाले, “हिच्यातही बॅटरीला वेगळं कूलंट असतं. पुढे डाव्या हाताला बाटली आहे. महिन्यातून एकदा बघायची. पातळी खाली गेली तर भरून घेऊ नको म्हणावं. भरून देतील ते. घेऊ नको. उघडून बघायला लाव, आणि तोवर कुणाला बसवू नको.”

“तुम्हीच फोन करा ना, बाबा.”

त्यांनी फोन खिशातून काढला. हातात धरला. स्क्रीन उजळली आणि विझली.

“तूच मेसेज कर,” ते म्हणाले. “माझं नाव घालू नको.”

मी त्यांच्या शेजारी गवतावर बसून मेसेज लिहिला. त्यांनी सांगितलेलं सगळं, त्याच क्रमाने. त्यांना वाचून दाखवला. त्यांनी ‘डाव्या हाताला’चं ‘चालकाच्या डाव्या हाताला’ करायला लावलं. मी तसं केलं आणि पाठवला. आई चहा घेऊन आली तेवढ्यात उत्तर आलं.

‘हे कोणी सांगितलं?’

मी फोन बाबांपुढे धरला. त्यांनी वाचलं, आणि कप दोन्ही हातांत घेतला.

“काय लिहू?” मी विचारलं.

“लिही,” ते म्हणाले, “कुठंतरी वाचलं.”

मी लिहिलं.